बांधावरच्या घायपातापासून कासरा घरी वळता येतो काय? आणि रोपं विकणाऱ्याचं कितपत खरं मानायचं?

मुरमाड_रान

नमस्कार मंडळी. आमचं रान हुक्केरी तालुक्यात, वरच्या अंगाला. म्हणजे घटप्रभेचं पाणी खालून जातंय आणि आमच्याकडं वळूनसुद्धा बघत नाही असलं रान. दोन एकर मुरूम, ज्वारी आली तर आली. पण बांधाला तिन्ही बाजूंनी घायपात आहे, पंजोबांनी लावलेलं. आज्जी त्याला केकताड म्हणते, शेजारचे कन्नडवाले कत्ताळे म्हणतात. शेळी आत येत नाही एवढाच काय तो उपयोग, असं आम्ही आजवर समजत होतो.

आता थोरला भाऊ म्हणतोय जेसीबी लावून सगळं काढून टाकू, साप होतात त्यात आणि बांध रुंद झालाय, नांगराची दोन तासं जास्त निघतील. आज्जी म्हणते काढू नका, आमच्या वेळी ह्याच्याच वाखाचे, म्हणजे पानातल्या तंतूंचे, दोर होते, विहिरीवर मोट होती तिचा नाडापण ह्याचाच. मला बी वाटायलंय की ह्या कारहुणवीला, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या सणाला, बैलांना दुकानातला रंगीत नायलॉनचा न घेता घरच्या वाखाचा कासरा घालावा. पण घरात कुणालाच वळता येत नाही, आज्जीला फक्त तो घाण वास आठवतोय.

दुसरं म्हणजे गेल्या आठवड्यात एक माणूस गावात येऊन गेला. सिसलची, म्हणजे घायपाताचीच, रोपं देतो, दोन्ही एकरांत लावा, पाच वर्षांचा करार, वाख आम्हीच उचलणार, पाणी नको खत नको, दुसऱ्या वर्षापासून पैसाच पैसा. रोपांचे पैसे मात्र आधी द्यायचे. मोबाईलवर व्हिडिओ दाखवला, त्यात मोठं मशीन भराभरा पानं खातंय. भाऊ निम्मा तयार झालाय. म्हणजे बघा, बांधावरचं काढून टाकायचं आणि तेच विकत घेऊन रानात लावायचं, असा आमच्या घरचा प्लॅन आहे सध्या. कुणाला माहिती असेल तर सांगा की ओ.

शेतकी_डिप्लोमा

आधी पानाची कड बघा. कडेला काही नाही, सरळ गुळगुळीत, आणि फक्त टोकाला एक काळपट सुई, असं असेल तर ते खरं सिसल, अगेव्ह सिसलाना. कडेनं करवतीसारखे दाते असतील तर अमेरिकन घायपात नाहीतर कांटाला. आपल्याकडं बांधांवर दातेवालंच जास्त दिसतं. वाख त्यांचाबी निघतो, कांटालाचा तर बारीक आणि मऊ असतो, पण ताकदीला सिसल भारी.

झाड आपल्याकडचं नाही, मेक्सिकोचं. तिथल्या युकातान भागात सिसल नावाचं बंदर आहे, वाख तिथून जहाजानं जायचा म्हणून तेच नाव पडलं. आणि ह्या झाडाची गंमत अशी की ह्याला बी जवळजवळ धरतच नाही. सात ते दहा वर्षं नुसती पानं काढतं, मग मधनं खांबासारखा दांडा वर येतो, पाच-सहा मीटर सहज, फुलं येतात, फुलं गळाली की त्याच दांड्यावर शेकड्यानं बारकी रोपं फुटतात, ती खाली पडतात आणि मूळ झाड वाळून मरतं. शिवाय बुडातनं पिल्लं निघतात ती वेगळीच.

हे एवढ्यासाठी सांगतोय की 1893 साली हिंडॉर्फ नावाच्या जर्मन शेतीतज्ज्ञानं फ्लोरिडातनं असली 1000 रोपं पूर्व आफ्रिकेत मागवली, वाटेत बहुतेक मेली, 62 जगली. आजच्या टांझानियातले सिसलचे मळे त्या 62 पासून सुरू झालेत. आणि तुमच्या तिन्ही बांधांवर झाडं उभी असताना तुम्ही रोपं विकत घेणार? दांडा आलेलं एखादं झाड असेल तर त्याच्या खाली जाऊन बघा, फुकटची नर्सरी आहे.

कराराचं नंतर सविस्तर लिहितो, आता ड्युटीवर आहे.

बसवण_गल्ली_बॉय

एवढं डोकं कशाला खपवायचं ओ. बाजारात जावा, नायलॉनचा जोड घ्या, दहा वर्षं काय होत नाही त्याला. वाखाचा पावसात भिजला की लाकडागत ताठ होतोय आणि गोठ्यात ओला पडला की कुजतोय. आमच्या आजोबांच्या काळातलं सगळंच चांगलं होतं असं काय नसतंय.

तीन_पेडी

बाळ, वरचा पोरगा बोलतोय ते सगळंच खोटं नाही. वाखाला ओल मानवत नाही. रानात ऊन-पाऊस खाईल, पण रोज ओल्या गोठ्यात चिखलात पडला तर वर्षातच जाईल. वाळवून खुंटीला अडकवायचा असतो, दोर म्हणजे काय टाकून द्यायची वस्तू नव्हती.

माझं घर दोरवाल्यांचं. आम्ही मातंग, आमचा आज्जा गावाचे दोर वळायचा. कासरा, दावं, म्होरकी, मुस्की, शिंकाळं, गोफण, मोटेचा नाडा आणि सोल, सगळं. त्याला पैसे मिळायचे नाहीत, सुगीला खळ्यावर बलुतं मिळायचं, आणि ते मापबी देणाऱ्याच्या हातात. नाडा तुटला की बोलणं आमच्या आज्ज्याला, माप कमी पडलं तर बोलायचं कुणाला. आता लोक म्हणतात जुना दोर किती चांगला, हां होताच चांगला, पण वळणाऱ्याचे हातबी आठवा जरा. लोक समजतात नायलॉननं आमचा धंदा बसवला. नायलॉन नंतर आलं ओ. विहिरीवर इंजन आणि मोटार बसली त्या दिवशीच आमचा निम्मा धंदा गेला, कारण मोट गेली आणि मोटेबरोबर नाडा गेला. सगळ्यात जास्त वाख नाड्यातच जायचा.

असू दे. तुला वळायचंय तर सांगतो.

सगळी पानं कापू नको, झाड मरेल. खालची, बाहेरच्या बाजूला पसरलेली तेवढीच घे, मधला उभा झुपका सोड, वीसभर पानं तरी राहू दे वर. आधी टोकाची सुई उडव, नाहीतर डोळ्यात जातीया. कोयत्यानं बुडाशी काप.

मग दोन रस्ते. एक कुजवायचा. पानं उभी चिरून पट्ट्या करायच्या, पेंड्या बांधून पाण्याच्या खड्ड्यात दगडाखाली दाबायच्या, दोन-तीन आठवडे. मग बडवून धुवायचं. तुझ्या आज्जीला जो वास आठवतोय तो ह्याचाच. आणि हे विहिरीत किंवा जनावरं पाणी पितात त्या ओढ्यात करायचं नाही, मासे पालथे पडतात त्या रसानं. वेगळा खड्डा घे.

दुसरा रस्ता हिरवंच खरवडायचं. पान कापल्या दिवशीच, लई तर दुसऱ्या दिवशी. वाळलं की चीक धरतोय, मग गर सुटत नाही. लाकडी मोगरीनं पान ठेचायचं, तिरक्या फळीवर ठेवून बोथट पात्यानं गर ओढून काढायचा, अर्धं एका टोकाकडनं, मग उलटं करून राहिलेलं. धार लावलेलं पातं घेऊ नको, तंतू तुटतोय. लगेच धुवायचं आणि उन्हात तारेवर टाकायचं. हा वाख पांढरा होतो, कुजवलेला मळकट. तू पहिल्यांदा करतोयस तर हिरवाच कर, कुजवण्यात एक दिवस जास्त झाला की तंतूच कुजतोय आणि ते डोळ्याला कळायला सराव लागतो.

वाळल्यावर विंचरायचा. खिळे मारलेली फळी चालते. मग तीन सारखे पेड. इथंच सगळी कला आहे बाळ, पेड सारखे. एक जाड एक बारीक झाला की बारीक पेडावर सगळा ताण येतो आणि दोर तिथंच जातोय. एकेका पेडाला एका बाजूला पीळ घाल, वाख संपत आला की नवीन झुपका आधीच्यात विरघळवून सोड, तिन्ही पेडांचे जोड एकाच जागी येऊ देऊ नको. मग तिन्ही एकत्र करून उलट्या बाजूला वळ. पेड उलगडायला बघतात, दोर घट्ट व्हायला बघतो, दोघं एकमेकाला धरून ठेवतात. म्हणून तर पीळ म्हणायचं. दोन माणसं फिरवायला, एक माणूस मधी तीन खाचांचा लाकडी ठोकळा धरून सरकत येणारा, म्हणजे पीळ समान पडतो. एकट्यानं होत नाही हे काम. भावाला घे.

खानापूरची_सून

काकांनी फार छान लिहिलंय. मी एकच सांगते दादा, हातमोजे घाला आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट. माझ्या माहेरी अथणीकडं सासऱ्यांच्या बांधाला, म्हणजे माझ्या बहिणीच्या सासऱ्यांच्या, त्यांनी हौसेनं उघड्या हातानं पानं ठेचली आणि कोपरापर्यंत असे चट्टे उठले की तीन दिवस झोप नाही. त्या रसात सुईसारखे बारीक खडे असतात ते कातड्यात घुसतात. खाजवायचं नाही, साबणानं भरपूर धुवायचं. डोळ्याला हात तर अजिबात लावू नका. एकदा वाळलेल्या वाखाला मात्र काही होत नाही.

आणि एक, जत्रेत ते रामकंद म्हणून विकतात बघा, ढोलासारखं मोठं लाल-तपकिरी काहीतरी घेऊन बसलेला असतो आणि पातळ चकती कापून देतो, रामानं वनवासात खाल्लेलं कंदमूळ म्हणून. कुणालाच सांगत नाहीत ते कुठनं आणलं. तर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्राच्या लोकांनी त्याचा डीएनए तपासला आणि ते ह्या घायपाताशी जुळलं. म्हणजे कंद नाही न मूळ नाही, झाडाच्या मधला गाभा! आम्ही सौंदत्तीच्या डोंगराला जाताना दरवेळी भक्तीनं खाल्लेलं. हे वाचल्यावर सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, मग काय झालं, रामाला मेक्सिको लांब होतं काय.

आमच्या खानापुराकडं मात्र हे झाड नीट येत नाही. पाऊस फार, बुडात पाणी साचलं की कुजतं. तुमचा मुरूम त्याला बरोबर आहे.

बसवण_गल्ली_बॉय

सासूबाईंना आमचा नमस्कार सांगा 😂

उद्यमबाग_बी_शिफ्ट

घायपात म्हणजे फक्त दोर असं नाही बरं का. आमच्या इथं कास्टिंगचे पार्ट पॉलिश करायला जे बफ व्हील येतं ना, पिवळसर खरखरीत, ते सिसलचं असतं. कापडाचं बफ नंतर चमक आणायला, आधी ओरखडे काढायला सिसल. मी सहा वर्षं ते व्हील हाताळतोय आणि आत्ता हा धागा वाचून कळलं की हे तर आमच्या आजोळच्या बांधावरचं झाड. क्रेनचा वायर रोप कापला तर आतमधे मधोमध एक तेलकट दोरी असते, तीबी बऱ्याचदा सिसलच. ग्रीस धरून ठेवते आणि तारांना आतनं टेकू देते. पीओपीवाले पण प्लास्टरमधे वाख घालतात, चिरा पडू नयेत म्हणून.

नायलॉनवाल्या भावाला एक सांगतो. नायलॉन मजबूत आहे वाद नाही, पण बैल बुजला आणि कासरा हातातनं सर्रकन गेला तर नायलॉन तळहात जाळतोय, वितळतो तो घर्षणानं. माझ्या मामाच्या हाताला अजून वळ आहे. वाखाचा खरखरतो, सालटं काढेल, पण असा जाळणार नाही. आणि गाठ घसरत नाही त्याची. नायलॉनच्या गाठीवर गाठ, तरी सकाळी बैल दुसऱ्याच्या उसात.

शेतकी_डिप्लोमा

आता कराराचं. हिशोब साधा आहे, तो माणूस सांगणार नाही म्हणून मी सांगतो.

पानाच्या वजनात वाख शेकडा चारच्या आसपास, तोही चांगल्या मशीनवर. राहिलेलं पाणी आणि गर. म्हणजे 100 किलो पानं कापून, वाहून, दळून, धुवून, वाळवून हातात चार किलो. एका झाडाची आयुष्यभराची पानं 200 ते 250. पहिली कापणी साधारण तिसऱ्या वर्षी, त्याच्या आधी हात लावायचा नाही. दुसऱ्या वर्षापासून पैसा म्हणणारा माणूस एकतर शेती करत नाही किंवा फक्त रोपांची शेती करतोय. नीट चालवलेल्या मळ्यात हेक्टरी वर्षाला वाख साधारण एक ते अडीच टन धरा. तुमच्या दोन एकरात सगळं सुरळीत झालं तर वर्षाला आठशे किलो ते दोन टन, म्हणजे त्यासाठी वीस ते पन्नास टन ओली पानं कापायची. कोण कापणार? आणि मशीन कुठं आहे? मशीन तालुक्यात नसेल तर ट्रकनं नुसतं पाणी वाहून न्यायचं आहे तुम्हाला. टांझानिया, केनियात हे परवडतं कारण शेकडो एकर सलग मळा आणि मधोमध कारखाना. पान कापल्यावर थांबवता येत नाही, वर तीन_पेडी काकांनी सांगितलंय तेच कारण.

पीक वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. ओडिशात बामऱ्याला सरकारचं सिसल संशोधन केंद्रच आहे, पडीक उताराच्या जमिनीला हे लावा असं ते सांगतात आणि ते बरोबर आहे, मुरूम धरून ठेवतं. पण त्याला तीन प्रश्न विचारा. मशीन कुठं बसवणार, दर करारात लिहून देणार काय, आणि रोपांचे पैसे पहिल्या वाखातनं कापून घेणार काय. तिसऱ्या प्रश्नाला तो उठेल बघा.

मुरमाड_रान

बरेच दिवस झाले, माफ करा. सगळं करून मगच लिहायचं ठरवलेलं.

पहिलं म्हणजे बांधाला दोन्ही जातीची आहेत. उगवतीच्या बांधाला गुळगुळीत कडेची, राहिलेल्या दोन्हीला दातेवाली. उगवतीकडं एकाला दांडा येऊन गेलेला, त्याच्या खाली खरंच बोटाएवढी पिल्लं पसरलेली, मोजायचं सोडून दिलं.

त्या माणसाला फोन लावला. मशीनचं विचारलं तर म्हणाला बसणार आहे. कुठं, तर जवळच. दर लिहून द्या म्हटलं तर म्हणाला मार्केटप्रमाणे. रोपांचे पैसे वाखातनं कापा म्हटल्यावर फोन कट, आणि त्यानंतर उचललाच नाही. भाऊ शेजारीच बसलेला, स्पीकर चालू होता. काय बोलला नाही, चहा पिऊन गेला.

आता कासरा. उगवतीच्या बांधाची 40 पानं कापली. काट्यावर 26 किलो भरली. मला वाटलेलं एका सकाळचं काम. तीन दिवस गेले ओ! पहिल्या दिवशी अकरा पानं खरवडली आणि पाठ गेली. राहिलेल्यांना दुसऱ्या दिवशी चीक धरायला लागला, शेवटची सात-आठ तर फेकूनच दिली. हातमोजे घातलेले, पण पाय उघडे ठेवले, पिंढरीवर रस उडाला आणि वैनींनी सांगितलेले चट्टे मला पायाला उठले. बायको म्हणाली धाग्यावर लिहा, पायाचं कुणी सांगितलं नव्हतं.

वाळल्यावर वाख भरला 700 ग्रॅम. 26 किलोचे 700 ग्रॅम! तेव्हा त्या चार टक्क्याचा अर्थ अंगात शिरला. पण दिसायला काय सुंदर ओ, तारेवर वाऱ्यात हलायला लागला तर आज्जी बाहेर येऊन त्याला हात लावून बसली, बराच वेळ.

वळायला भाऊ आला. स्वतःहून. सायकलच्या पायडलला आकडा बांधून एका टोकाला त्यानं फिरवलं, दुसऱ्या टोकाला मी, मधे ठोकळा धरून आज्जी! बसूनच सरकत होती. पहिला दोर उकलला, कारण मी आणि भाऊ दोघं एकाच बाजूला फिरवत होतो म्हणजे समोरासमोर उभं राहून आपापल्या उजवीकडं, आणि काय चुकतंय ते अर्धा तास कळेना. दुसऱ्यांदा जमलं. सोळा हात झाला. एका जागी पेड बारीक आहे ते मलाच दिसतंय. उरलेल्या वाखात एक आखूड दावं झालं वासराचं.

दुसऱ्या बैलाला मात्र बाजारातनं आणावा लागला, नायलॉनचाच. कारहुणवीला एका बैलाला वाखाचा आणि एकाला निळा, लोक हसत होते.

जेसीबी रद्द. भाऊ म्हणतोय दातेवाल्या बांधाचं तेवढं मागं सारू, उगवतीचं राहू दे.

तीन_पेडी

सोळा हात पहिल्यांदा म्हणजे कमी नाही. पायाचं सांगायचं राहिलं हे खरं, आम्ही गुडघ्यापर्यंत गोणपाट बांधायचो, त्यामुळं आठवलंच नाही.

नवीन दोर एकदा भिजवून दोन झाडांमधी ताणून बांध, वाळेपर्यंत. मग जुन्या गोणपाटानं रगड, कुसं जातात, बैलाची मान सोलत नाही. आणि टोकाचं काय केलंयस? गाठ मारलीस काय पेड मुडपलेस?

मुरमाड_रान

गाठ मारली काका.

तीन_पेडी

सोड ती. वीतभर उलगड, तिन्ही पेड मागं वळवून दोराच्या पेडाखालनं एकाआड एक गुंफ, चार वेळा, मग उरलेलं काप. गाठीला ओल धरते, वाखाचा दोर कुजायला तिथनंच लागतोय. आज्जीला विचार, हात लावल्यावर त्यांना आठवेल.